निरोप मिळाला होता

आत्या,

'तू गेल्याला आज सोळा दिवस झाले' असं पहिलं वाक्य लिहिलं आणि अडले. 'गेल्याला' बरोबर की 'जाऊन', हे तुला विचारावं म्हणून फोन उठवला. बरं, उचलला. माणसाला उठवतात मिने, फोन उचलतात, असं तू म्हणाली असतीस. तुझा नंबर दाबून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि मी तशीच फोन हातात धरून ओट्यापाशी उभी राहिले. सुधीरने विचारलं, कुणाचा फोन? मी म्हटलं, व्याकरणाचा. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यामुळे त्याने पुढे काही विचारलं नाही.

इथल्या मराठी मंडळाने त्यांच्या अंकासाठी तुझ्यावर अर्धं पान मागितलंय. घरातल्या गोष्टी रंगवून सांगणारी अशी माझी ख्याती आहेच. बारसं असो की कुणाची साठी, मला उभं करतात आणि मी चार माणसांना हसवून खाली बसते. आता म्हणतात, तेवढं आत्यांचं लिहून द्या: जन्म, शिक्षण, नोकरी, सामाजिक कार्य. सामाजिक कार्य म्हणून काय लिहू? बत्तीस वर्षं सरकारी खात्यात बसून कंटाळवाण्या इंग्रजी कागदांचे कंटाळवाणे हिंदी कागद केलेस आणि उरलेल्या वेळात दिल्लीतल्या मराठी माणसांचं मराठी दुरुस्त करत हिंडलीस, कुणी मागितलेलं नसताना? अर्ध्या पानात तू मावशील. पण मला जे सांगायचंय ते मावणार नाही. ते हसवण्यासारखंही नाही. आणि ते कुणाला सांगायचं नाही, असं मी तुला वचन दिलं होतं.

ते वचन मी परवा मोडलं. म्हणून हे पत्र तुला. अंकवाले थांबतील.

सुरुवात डब्यापासूनच करायला हवी. करोल बागेत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो, मी, आई, बाबा आणि आजी. शनिवार हा तुझा वार. फरिदाबादहून दोन बसा बदलून यायचीस. आल्या आल्या आजीचे पाय चेपायचीस, बाबांशी सरकार या विषयावर भांडायचीस आणि उरलेला दिवस माझ्या मराठीच्या मागे लागायचीस. मी अकरा वर्षांची असेन. तू चकल्या मागितल्यास आणि मी म्हटलं, ''आत्या, डबा खाली आहे.'' तू टेबलाखाली वाकून बघितलंस. मग आजीच्या खाटेखाली. मग बाल्कनीत जाऊन कठड्यावरून गल्लीत वाकलीस आणि ओरडलीस, ''खाली कुठेच नाही ग, बीजींना विचारू का?'' तळमजल्यावरच्या मालकीणबाई, बीजी, आपलं नाव ऐकून बाहेर आल्या आणि काही न कळता तुझ्याबरोबर हसायला लागल्या. मी रडले. तू मला जवळ घेतलंस, पण धडा सोडला नाहीस. ''डबा रिकामा असतो. खाली म्हणजे खाली. वर नाही ते. हिंदीतलं खाली आणि मराठीतलं खाली, दोघांची ओळखसुद्धा नाही.'' माझ्याकडून ते दहा वेळा लिहून घेतलंस.

खाली म्हणजे खाली. इतका पक्का शिकलेला शब्द माझ्याकडे दुसरा नाही.

पुढे तीन वर्षांनी आजीने अंथरूण धरलं. दवाखान्यात न्यायचं म्हणजे खुर्चीत बसवून दोन जिने उतरवायचं, म्हणून बीजींनी तळमजल्यावरची एक खोली द्यायचं कबूल केलं होतं. घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता. आजीला खाली कधी न्यायचं, चुना कधी वाळणार, खाली असली की हाक कशी मारेल. तूही त्या चर्चेत होतीस. ''आधी तिला खाली आणा, मग मी दर शनिवारी मुक्कामालाच येते,'' असं तूच म्हणाली होतीस.

त्या बुधवारी मी ट्यूशनहून परतत होते. गल्लीच्या तोंडाशी बाबा भेटले, घरातल्या सपाता, स्वेटर नाही, भरभर चाललेले. म्हणाले, ''आजीला खाली घेतलंय. आत्याला ऑफिसात फोन कर. एवढंच सांग, तिला कळेल.'' आणि डॉक्टरांकडे वळले.

मला आनंद झाला. खोली झाली एकदाची.

नुक्कडवरच्या केमिस्टकडे फोन होता. तुझ्या ऑफिसातल्या कुणीतरी होल्ड करायला सांगितलं, आणि त्या दोन मिनिटांत मी वाक्याची जुळवाजुळव केली. तू चुका काढायला फोनवर येणार होतीस ना. बाबांचा निरोप मला तोकडा वाटला, नीट कर्ता नाही, काही नाही. तू आलीस तेव्हा मी एका दमात म्हटलं, ''आत्या, आजीला खालच्या खोलीत आणलं आहे. आता जिन्याचा त्रास नाही. बाबांनी तुला कळवायला सांगितलं.'' पलीकडे तू हसलीस. ''शाब्बास, एकही हिंदी शब्द नाही. शनिवारी येते म्हणावं.''

शाब्बास म्हणालीस तू.

घरी आले तर बीजींची खोली तशीच, कुलूप, आत चुन्याच्या बादल्या. वर दाराशी चपला फार होत्या. आजी खाटेवर नव्हती, खाटेशेजारी जमिनीवर घोंगडीवर होती, आणि आई तिच्या तोंडात चमच्याने पाणी घालत होती. मला वाटलं, पडली. अर्ध्या तासात सगळं संपलं. बाबांनी विचारलं, फोन केलास? केला. काय म्हणाली? मी म्हटलं, ''येते म्हणाली.'' शनिवार हा शब्द माझ्या तोंडून त्या खोलीत निघाला नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. तो शब्द तिथे बसत नव्हता एवढंच कळत होतं.

बाबा पाच वाजेपर्यंत थांबले. तीन वेळा मला विचारलं, येते म्हणाली ना? शेजारचे काका म्हणाले, परत एकदा फोन करू. बाबा म्हणाले, तिला कळवलंय. पाचनंतर उजेड उतरायला लागला तशी मंडळी उठली. गुरुवारी आई म्हणाली, बघा तरी काय झालंय तिला. बाबा केमिस्टकडे गेले नाहीत.

शनिवारी तू तुझ्या वेळेला आलीस. मी बाल्कनीतून पाहत होते. तू आधी बीजींच्या खोलीशी गेलीस, कुलूप हलवून बघितलंस, खिडकीला हात लावून आत डोकावलीस. तुझ्या हातात कागदात गुंडाळलेली पितळी घंटी होती, हे नंतर कळलं. खालच्या खोलीतून आजीला हाक मारता यावी म्हणून. मग तू जिना चढून आलीस आणि दार बाबांनी उघडलं. त्यांचं डोकं भादरलेलं होतं.

तू डोक्याकडे बघत राहिलीस. ''कधी?''

''बुधवारी. निरोप मिळाला होता ना तुला?''

''मिळाला होता.''

''मग?''

''शनिवारी येते म्हटलं होतं मी.''

''शनिवारी,'' बाबा म्हणाले. तेवढा एकच शब्द, पण तो त्यांनी असा उच्चारला की मी आजही कॅलेंडरवर त्या रकान्यापाशी जरा थांबते. मग ते माझ्याकडे वळले. ''तू काय सांगितलं होतंस हिला?''

मी दारामागे ओढणीचं टोक चावत उभी होते. म्हटलं, ''तुम्ही सांगितलं तेच.''

तू माझ्याकडे बघितलंस. किती वेळ, कुणास ठाऊक. मग हातातला कागद चपलांच्या फळीवर ठेवलास आणि जिना उतरलीस. तुझी पावलं बीजींच्या खोलीसमोर थांबली. बराच वेळ थांबली. मग फाटक वाजलं.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षं. करोल बाग आणि फरिदाबाद यांच्यामध्ये समुद्र नाही, डोंगर नाही, फक्त ट्रॅफिक आहे. ती घंटी आईने देवघरात ठेवली आणि बाबा रोज सकाळी तीच वाजवून पूजा करत राहिले. तुझं नाव घरात निघायचं नाही, पण सकाळी सातला तुझी घंटी वाजायची. माझ्या लग्नाला पत्रिका पाठवली होती. तू आली नाहीस, पोस्टाने मराठी शब्दकोश पाठवलास. सोबत चिठ्ठी नाही. मांडवात सगळ्यांना तो विनोद वाटला आणि मीही तो विनोद म्हणून पुढे बरीच वर्षं सांगितला, हावभावांसकट. आई गेली तेव्हा घाटावर मागे उभी राहिलीस. बाबांनी पाहिलं, मान हलवली. तू हलवलीस. तेवढंच.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. लग्नानंतर चार वर्षांनी सुधीरच्या आईंचा अकोल्याहून फोन आला, आजोबांना खाली घेतलंय. सुधीर जागचा उठला आणि बॅग भरायला लागला. मी पोळी लाटता लाटता विचारलं, ''का, दुसऱ्या मजल्यावर होते का?'' त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी परग्रहावरून आले आहे. अकोल्याचं घर एकमजली आहे. गाडीत बसल्यावर त्याने सांगितलं की माणूस जायला टेकला की त्याला पलंगावरून जमिनीवर घेतात, आणि 'जातोय' असं तोंडाने म्हणायला नको म्हणून लोक एवढंच म्हणतात. मराठी घरात हे लहान मुलालाही कळतं, म्हणाला.

भोपाळ येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. परत आल्यावर तुझा शब्दकोश पहिल्यांदा उघडला. त्यात 'खाली' आहे. 'खाली घेणं' नाही. तुझ्या भेटीतही ते नव्हतं, आत्या.

त्या दिवशी मी फरिदाबादला जायला हवं होतं. मी तेरा वर्षांनी गेले. कारणं माझ्याकडे भरपूर होती आणि सगळी खरी होती. मुलगी लहान, बाबांचं बीपी, मग आईचं दुखणं, मग बाबांना नोएडाला आमच्याकडे आणणं. खरं कारण असं की मी घरातली गोष्टी सांगणारी बाई, आणि या गोष्टीत खलनायक मीच निघत होते. मेट्रो फरिदाबादपर्यंत पोहोचली तेव्हा सबबी संपल्या.

तू दार उघडलंस आणि पहिलं वाक्य बोललीस, ''चपला आत घे, माकडं नेतात.'' जणू मी मागच्या आठवड्यातच येऊन गेले होते. तू मेथी निवडत होतीस. मला दुसरी जुडी दिलीस. मी जुडीकडे बघून सगळं सांगितलं, गल्ली, केमिस्ट, खालची खोली, गाळलेला शनिवार, अकोला. माझं संपल्यावर तू म्हणालीस, ''माहीत आहे.''

''कधीपासून?''

''दारात दादाचं डोकं दिसलं तेव्हापासून. दादाने काय निरोप दिला असेल आणि तू त्याचं काय केलं असशील, ते जिना उतरेपर्यंत जुळलं. माझा धंदाच तो.''

मग तेव्हाच का नाही बोललीस, असं मी विचारलं. तू म्हणालीस, ''तू ओढणी चावत होतीस. चौदा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात कोण घालतं हे?''

आणि नंतर? मी पंधरा झाले, वीस झाले, माझं लग्न झालं. एक पोस्टकार्ड का नाही टाकलंस बाबांना? तू मेथीच्या काड्या बाजूला केल्यास आणि ते वाक्य बोललीस जे मला अजून पचत नाही. ''दादाने मला विचारलं असतं, शरू, का नाही आलीस, तर सांगितलं असतं मी. त्याने विचारलं नाही. माझ्या आईला जमिनीवर घेतलंय हे ऐकून मी शनिवारी येईन, असं त्याने मानलं. सहज मानलं, मिने.''

मी चिडले. एका प्रश्नासाठी अठ्ठावीस वर्षं थांबलीस? तू शांतपणे म्हणालीस, ''तू तेरा थांबलीस. तुला तर कुणी प्रश्नही विचारायचा नव्हता.''

एकतीस वर्षांपूर्वीच्या धड्यातल्यासारखी मी मान खाली घालून मेथी निवडायला लागले. तू माझी जुडी तपासलीस. मी देठांसकट टाकली होती.

नोएडाला यायला तू तयार झालीस, पण अट घातलीस. दादाला यातलं काही सांगायचं नाही. ''तो शहात्तरचा झाला. आईच्या शेवटच्या दिवसाची चूक आपल्या घरातून झाली, हे आता घेऊन तो कुठे जाईल? सांगायचं असेल तर मी येत नाही.'' मी वचन दिलं. वचन देताना हलकं वाटलं, हे मी तुझ्यापासून लपवलं. तू मला दुसऱ्यांदा दारामागे उभं राहू देत होतीस.

तुमची ती भेट कुणी चित्रपटात दाखवली असती तर लोक मध्यंतरात उठून गेले असते. थंडीतली अकराची उन्हं, आमची बाल्कनी, मध्ये मटाराची परात. तू आलीस, बसलीस, शेंग उचललीस. बाबा सोलतच होते. दहा मिनिटं नुसत्या शेंगा फुटल्याचे आवाज. मग बाबा म्हणाले, ''कोवळे आहेत.'' तू म्हणालीस, ''हो, पण अळी बघून घे.'' परत दहा मिनिटं. मी दाराआड आमटीत तिसऱ्यांदा मीठ घालत होते. आणि मग बाबांनी परातीत बघत म्हटलं, ''झालं ते झालं, शरू. मी मनातून काढून टाकलंय.''

बाबांनी तुला माफ केलं. जे तू केलंच नव्हतंस, त्याबद्दल, मोठ्या मनाने.

आणि तू म्हणालीस, ''बरं केलंस, दादा.''

इथे माझं तुझं भांडण आहे, आत्या, आणि ते तू अर्ध्यावर टाकून गेलीस. ती माफी तू का घेतलीस? पुढची दहा वर्षं दर शनिवारी तू मेट्रोने येत राहिलीस, बाबांशी सरकारवर भांडत राहिलीस, माझ्या मुलीचं 'मी सोचलं' दुरुस्त करत राहिलीस, आणि प्रत्येक शनिवारी मला वाटायचं की माझ्या घरात एक निरपराध बाई शिक्षा भोगून सुटल्यासारखी चहा पिते आहे. मी दोनदा विषय काढला. एकदा म्हणालीस, ''मला भाऊ हवा होता, निकाल नको होता.'' दुसऱ्यांदा म्हणालीस, चहात साखर कमी आहे. तू मला वाचवलंस, की आम्हा तिघांना त्या जिन्यात अडकवून ठेवलंस? दोन्ही असेल. मला एक उत्तर दे म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, आधी प्रश्न नीट विचार.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी हात टेकले. तू दवाखान्यातून घरी यायचा हट्ट धरलास आणि मला बजावलंस, ''यंत्रं नकोत. वेळ आली की मला खाली घ्या. आणि दादाला शुद्ध मराठीत कळव.'' तू हसत होतीस. मी हसले नाही.

त्या सकाळी तुझा श्वास बदलला. तुझ्याकडे असणारी सुनीता आणि मी, दोघींनी चादरीसकट तुला उचलून सतरंजीवर ठेवलं. केवढी हलकी झाली होतीस. मग मी नोएडाला फोन लावला. सुधीरने बाबांच्या कानाशी धरला. माझ्या जिभेवर किती वाक्यं आली असतील, नीट कर्ता असलेली. मी म्हटलं, ''बाबा, आत्याला खाली घेतलंय.''

एवढंच.

पलीकडे खुर्ची सरकली. मग, ''निघालो.''

कालिंदी कुंजच्या गर्दीतून ते दीड तासात पोहोचले. एका पायात चप्पल, एका पायात नुसता मोजा. शहाऐंशी वर्षांचे गुडघे वाकत नाहीत, वर्षानुवर्षं ते खुर्चीवरून जमिनीवर उतरलेले नाहीत. तुझ्या उशाशी उभे राहिले, बघितलं, आणि मला म्हणाले, ''मलाही खाली घे ग जरा.''

सुधीर दचकला. मी दचकले. बाबांनाही काय बोललो ते कळलं, म्हणाले, ''म्हणजे बसव मला.'' तेव्हा तुझ्या ओठांचा डावा कोपरा हलला. सुनीता म्हणते, तो श्वास होता. मी म्हणते, तू दुरुस्ती करायला निघाली होतीस.

आम्ही त्यांना तिघांनी धरून बसवलं. त्यांनी तुझा हात मांडीवर घेतला आणि तू चारच्या सुमारास गेलीस तोपर्यंत सोडला नाही. तो बुधवार होता. मी ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

इथे संपलं असतं तर मी वचन पाळलं असतं. पण परवा बाबा बाल्कनीत मटार सोलत बसले होते, समोर तुझी खुर्ची. मी परात उचलायला गेले तर म्हणाले, ''एक विचारू? त्या दिवशी तुझा फोन आला आणि मला चपला घालायलाही सुचलं नाही. आणि तिने तेव्हा हेच ऐकलं. आईला खाली घेतलंय म्हणून. मग ती शनिवार कसं म्हणाली असेल ग?''

अठ्ठावीस आणि दहा, अडतीस वर्षांनी त्यांनी तो प्रश्न विचारला, आत्या. तुला नाही, मला. तू नसताना.

कोवळे आहेत, असं म्हणून मला आत जाता आलं असतं. चौदाव्या वर्षी जमलं होतं. मी परात खाली ठेवली आणि सांगितलं. केमिस्टच्या फोनवर बोललेलं वाक्य शब्दाला शब्द सांगितलं. ते मला पाठ आहे.

बाबा सोलायचे थांबले नाहीत. सहा-सात शेंगा झाल्या. मग म्हणाले, ''खालच्या खोलीत.''

''हो.''

''तिथे चुना चालला होता.''

''हो, बाबा.''

''मिळाला होता, म्हणाली ती. आणि तुझ्याकडे बघितलं. मी पाहिलं होतं ते बघणं. मला वाटलं, खोटं पकडलं गेलं म्हणून नजर चुकवते आहे.'' परत एक शेंग. ''मी तिला इथे बसून माफ केलं.''

मी परातीतली एक शेंग उचलली.

''आणि ती बरं केलंस म्हणाली,'' बाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं होतं माझ्यावर रागावतील. मी त्याची तयारी करून ठेवली होती, जवळजवळ वाटच बघत होते. ते माझ्यावर रागावले नाहीत. मान खाली घालून परातीतले दाणे बोटांनी उगाच पसरत बसले, आणि मला तेव्हा कळलं की तू ती अट का घातली होतीस. तुझं खरं होतं, त्यांच्याकडे हे घेऊन जायला जागाच नाही. आणि तरी मी सांगितलं त्याचा मला पश्चात्ताप होत नाही. हे दोन्ही एकत्र कसं लिहायचं ते तू शिकवलं नाहीस.

मला अजून एक शंका आहे. 'शुद्ध मराठीत कळव' हे तू नुसतं चेष्टेने म्हणालीस का? तो निरोप बाबांच्या कानावर जसाच्या तसा पडला की एक दिवस त्यांच्या मनात तो प्रश्न उगवणार, हे तुला, बत्तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं उलगडत बसलेल्या बाईला, कळलं नसेल? माझ्याकडून वचन घ्यायचं आणि ते मोडायची वेळही तूच ठरवून जायचं. तू तसं केलं असशील तर मी तुझ्यावर फार रागावले आहे. आणि नसशील, तर आभार कुणाचे मानू ते कळत नाही.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, फरिदाबादची किल्ली कुणाकडे आहे? म्हटलं, माझ्याकडे. पण घर बंद आहे बाबा, सुनीताही गावी गेली, तिथे कुणी नाही.

''माहीत आहे,'' म्हणाले. मग वार मोजल्यासारखी बोटं हलवली.

आज शुक्रवार. सकाळी पूजा घंटीशिवाय झाली. मी देवघरात शोधली, मग बाबांची कापडी पिशवी दाराशी दिसली. घंटी आत आहे, मफलरमध्ये गुंडाळलेली, वाटेत वाजू नये म्हणून. शेजारी त्यांच्या चपला, दोन्ही.

आत्या, बाबांनी निरोप दिलाय. मी त्याला काही जोडत नाही, काही गाळत नाही. शनिवारी येतो म्हणावं.

एवढंच. तुला कळेल.